तसबिरीमागची अमेरिका

आमी मूळचे म्हसवडचे. सिद्धनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला वडील तसबिरी विकायचे, देवाची छापील चित्रं आणायची, काच कापायची, चौकट मारायची, मागनं पुठ्ठा बसवून चुका म्हंजी बारीक खिळे ठोकायचे, हेच बघत वाढलो, मग माधवनगरला मामाकडं आलो, गिरणीत लागलो, गिरणी बंद पडली, तवा म्हटलं आता दुसरं काय येतंय आपल्याला, सांगलीत गाळा घेतला, तसबिरी आन पुस्तकांची बांधणी, दोनी कामं. काय सांगू ताई तुमाला, ह्या हातानं किती देव आन किती गेलेली माणसं भिंतीवर चढवली त्याची गणती न्हाई. लोक म्हणतात हात लय सफाईचा. ते ऐकलं की आता मान खाली जाती.

आमच्या गल्लीच्या तोंडाला ड्रॉइंगचे मास्तर राहायचे. रिटायर झालेले. रोज दुकानात येऊन स्टुलावर बसायचे, मला नावानं कधी हाक न्हाई, अरे बाइंडर, चहा सांग. अरे बाइंडर, काच वाकडी कापलीस, डोळे काय म्हसवडला ठेवून आलास? असं. लय बरं वाटायचं ते.

एक दिवस बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एक पुस्तक घेऊन आले. हे एवढं मोठं. मास्तर तरुणपणी एका अमेरिकन डॉक्टरीणबाईला मराठी शिकवायचे, ती मायदेशी जाताना देऊन गेली म्हणं. सगळी चित्रं. अमेरिकेतली शहरं, आभाळातनं बघितल्यागत काढलेली, नदी, पूल, बोटी, धुराडी, एकेक खिडकी मोजून घ्यावी अशी बारीक रेघ. त्यावरनं मास्तरांनी जलमभर पोरांना रेघ मारायला शिकवलं. आता शिवण उसवली होती, पानं सुटी झाली होती. म्हणाले, नीट बांध, घाई नाही.

घाई नाही म्हणाले आन मी ते माळ्यावर ठेवलं. पर अधनंमधनं काढून बघायचो. एक चित्र होतं दंगलीचं, ट्राम आडवी पडलेली, घोड्यावरचे शिपाई, माणसं दगड मारतायत, एक जण टोपी धरून पळतोय. आमच्या गिरणीच्या गेटावर एकदा दगड उडाले तवा मी बी असाच पळालो होतो. मी मास्तरांना इचारलं, हे कशापायी भांडतायत? म्हणाले, भाकरीसाठी रे, अजून कशासाठी. आन पहिल्या इमानांची चित्रं होती, कापडाचे पंख, एकावर एक दोन मजली, मधी माणूस पालथा पडलेला, खाली लोक टोप्या हलवत पळतायत. मास्तर म्हणायचे, बघ, ह्याला अजून माहीत नाही आपण पडणार की उडणार.

मग तो मोठा पूर आला. दुकान बुडालं, मास्तरांचं घर खालनं पाक गेलं, लेकीनं त्यांना साताऱ्याला नेलं. पर माळा वाचला. पुस्तक वाचलं, ताई. एक थेंब लागला न्हाई त्याला.

पूर उतरला तशी दुकानात रांग लागली. सगळ्यांचे देव भिजलेले, सगळ्यांची गेलेली माणसं भिजलेली. पुठ्ठा मिळंना, मिळाला तो दमट, आन दमट पुठ्ठा फोटोला लागला की डाग पडतो, मधी जाड कोरडा कागद घालावाच लागतो. एक बाई मालकाचा फोटो पदराखाली झाकून आली, म्हणाली, भाऊ, उद्या वर्षश्राद्ध हाय, कसं बी करून द्या. दुकानात कोरडा कागद कुठंच न्हाई. मी माळ्यावर हात घातला. एक पान घेतलं.

तेवढं एक असतं तर आज तुमच्याम्होरं मान वर करून बोललो असतो. पर दुसरं पान नुसतं उलटून बघितलं, तिसरं तर मी बघितलं बी न्हाई. कापली, ताई. मापात बसावी म्हणून कापली. एका शहराच्या निम्म्या बोटी एका घरात गेल्या, निम्म्या दुसऱ्या घरात. दंगल लक्ष्मीच्या मागं गेली. म्हटलं मास्तर आता कुठलं येतायत.

आले. काठी टेकत, वर्षाच्या आत. मास्तरीणबाई तिकडं साताऱ्यातच गेल्या होत्या, त्यांचा फोटो फ्रेम करायला आणला होता. स्टुलावर बसले आन म्हणाले, अरे बाइंडर, आपली अमेरिका कशी आहे?

मी म्हटलं, पुरात गेली.

कसं निघालं तोंडातनं मला ठावं न्हाई. मास्तर उलटं मलाच म्हणाले, जाऊ दे रे, माणसं गेली तिथं कागदाचं काय, तू जीव वाचवलास ना? आन माझ्या खांद्यावर हात ठेवला. तवा एकच पान उरलं होतं, त्या इमानाचं. परत द्यायला तोंड न्हाई, ठेवून घ्यायला जीव होईना. मी ते न कापता बाईंच्या फोटोमागं घातलं, वर पट्टी चिकटवली आन त्यांच्या हातात दिलं. वाटलं, त्यांचं त्यांच्या घरी तर गेलं.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला त्यांना भेटायला गेलो. नजर अधू झालीया. नातीला म्हणाले, हा आपला बाइंडर, माझ्या पुस्तकासाठी गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला गं हा. मी असं कधी सांगितलं न्हवतं. त्यांनीच मनानं रचलं होतं माझ्यासाठी. पोरगी माझ्याकडं देवासारखं बघायली. मला बसवंना. उठलो, भिंतीवरचा मास्तरीणबाईंचा फोटो काढला, पोरगी म्हणाली आवं काय करताय, चुका उपसल्या आन ते पान मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. सगळं सांगितलं.

मास्तरांनी पानावरनं बोटं फिरवली. लय येळ. वाटलं आता काठी घालतील. घालावी असंच वाटत होतं. पर ते नातीला म्हणाले, ह्यांना चहा ठेव.

ह्यांना.

आता मी घरोघर जातो, हात जोडतो, म्हणतो तुमची तसबीर उघडू द्या. ती श्राद्धाची बाई म्हणाली, आवं, आमच्या ह्यांना आता पुन्हा कशाला हलवताय? कुणी देवाला हात लावू देत न्हाई. सात तुकडे मिळालेत. मिळाला की यष्टी धरून साताऱ्याला जातो. मास्तर खुर्ची द्यायला लावतात, म्हणतात, या, बसा, प्रवास नीट झाला ना आपला? तुकडा हातात घेतात, डोळ्याजवळ नेतात, आन टेबलावर ठेवतात. अपमान न्हाई करत. पाव्हण्यासारखं वागवतात.

बायकू म्हणती, किती दिस जाणार? म्हटलं, मास्तर हायत तवर. देवानं त्यांना शंभर वर्सं द्यावीत, डोळं द्यावं, आन एकदा तरी त्यांनी माझ्यावर ओरडावं.