साडेपाच इंची रिम आणि धोंड्याचा जावई

मंडळी, ऐका! देव कुठे जात नाही, त्याला थोडं बसू दे. आधी एक प्रश्न सोडवू. समोरच्याचं चुकतंय, आपल्याला स्वच्छ दिसतंय — आणि तो रुसेल म्हणून आपण गप्प बसलो. त्या गप्प बसण्याला काय म्हणायचं? मान? माया? — थांबा, इतक्यात माना हलवू नका!

कराडजवळ हमरस्त्याला भानुदास लोहाराचं टायरचं दुकान. तीस वर्षांचा धंदा. नुसत्या अंगठ्यानं दाबून हवा सांगायचा! एकुलती लेक वैजयंता, चिपळूणला दिलेली. जावई प्रीतम. आणि आला धोंड्याचा महिना! या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. मूळ नारायणाला गरुड; आमच्या नारायणाला छोटी मोटार.

पुरणाचे धोंडे झाले, तेहतीस अनारसे झाले. — पुढच्या रांगेतले जावई हसले. हसा, तुमचंच आहे! — भानुदास म्हणाला, "जावईबापू, संकोच करू नका. काय देऊ?"

"मामा, गाडीला दोनशे पंचवीसचे टायर टाका. मित्रांच्या गाड्यांशेजारी आमची काडीपैलवान दिसते."

भानुदास थबकला. "अहो, तुमची रिम साडेपाच इंची. तिला एकशे पंच्याऐंशी बसतो, लई तर एकशे पंच्याण्णव. दोनशे पंचवीस हवा तर रिमही सात इंची घ्या."

बघा मंडळी, रिम इंचात, टायर मिलिमीटरमध्ये! एकाच चाकावर दोन मुलखांची मापं, पण त्यांचं जमलं नाही तर मरायचं आपण.

"रिम नको मामा. कंपनीची आहे, वॉरंटी जाईल."

रिमला वॉरंटी होती. आत बसणाऱ्याला नव्हती!

भानुदासानं समजावलं, "अरुंद रिमवर रुंद टायर घातला, की कडा आत ओढल्या जातात, टायर फुगतो. सरळ रस्त्यावर छान दिसतो. वळणावर मात्र कुशीवर लवतो, गाडी हातात राहत नाही."

प्रीतमनं वाटी बाजूला सारली. "राहू द्या मग. काही नको आम्हाला."

झालं! स्वयंपाकघरातून भानुदासाची बायको सुलोचना बाहेर. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा — "अहो, तीन वर्षांनी येतो हा महिना! लेकीला तिथं नांदायचंय. टायर गोलच आहेत ना? मग बसवा की!"

आणि भानुदासानं बसवले. स्वतःच्या हातानं! टायर रिमवर चढेना, साबणाचं पाणी लावून चढवला. त्या रबरानं नको म्हटलं हो, माणसानं म्हटलं नाही!

वैजयंता गाडीत बसता बसता म्हणाली, "आप्पा, नीट बसलेत ना?"

दुकानातली पोरं ऐकत होती. जावई ऐकत होता. भानुदास म्हणाला, "सावकाश जा गं."

प्रश्न काय होता? उत्तर काय आलं?

"आप्पांनी बसवलेत म्हणजे बघायलाच नको," ती नवऱ्याला म्हणाली. निघाले.

कुंभार्ली घाट. भर दुपार, कोरडा रस्ता, वेगही फार नाही. उजवीकडे वळण आलं. प्रीतमनं स्टिअरिंग फिरवलं. गाडीनं ऐकलं, पण उशिरा. त्यानं घाबरून आणखी फिरवलं. टायर लवले, गाडी डावीकडे फेकली गेली, दगडी कठड्यावर. डाव्या बाजूला वैजयंता होती.

— तबला थांबवा जरा. इथं ठेका नको.

तेराव्याला प्रीतम आला. मनगटाला पट्टी. सासऱ्यापुढे बसला आणि रडत म्हणाला, "मामा, मला काय कळतंय टायरमधलं? तुम्हाला कळत होतं. एक मुस्कटात मारून 'नाही' का म्हणाला नाहीत?"

मंडळी, राग येतो ना जावयाचा? मलाही आला. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे का तुमच्याकडे? भानुदास म्हणाला, "तुम्ही रुसला होता." एवढंच. दुकान आजही चालू आहे. पंक्चर काढतो, नवा टायर कुणाला बसवत नाही.

आता माझ्याकडे बघू नका, शेजारी बघा! ज्याची धाप तुम्ही रोज ऐकता, ज्याची बाटली तुम्हाला ठाऊक आहे, जिचं लग्न ती नको म्हणत असताना ठरलंय — त्यांच्याशी बोललात? नाही. सणवार होता. पाहुणे होते. वाईट वाटलं असतं!

आरती झाली की घरी जा आणि बोला. ते रुसतील, ताटावरून उठतील. उठू दे! समजूत घालायला माणूस तरी समोर असेल.