हात तोच हाय

माझं माहेर घोडेगाव, म्हंजी आंबेगाव तालुक्याचं कचेरीचं गाव, आन् दिलं मला जुन्नरला, ते बी तालुक्याचंच गाव. त्यामुळं काय सांगू तुमाला, सगळा जन्म माझा कचेरीला आलेल्या बायांच्या हातात बांगड्या भरण्यात गेला. आमी कासार. आजा भरायचा, वडील भरायचं, सासरी बी तेच. मी आठवीत व्हते तवा वडलांनी शिकवलं की बांगडी ढकलायची न्हाई, बाईचा हात गोळा करायचा, अंगठ्याखालचं हाड दाबून मऊ करायचं, मंग बांगडी आपली आपण जाती.

बाहेरच्याला आमचं जुन्नर बारकं वाटतं. पण बाजाराच्या दिवशी या. घाटघरच्या बाया पहिल्या एस्टीनं उतरत्यात, भाताची, नाचणीची कामं करून त्यांचं हात असं राठ झाल्यालं की भरताना मला घाम येतो, पण दुखतंय म्हणून एक शब्द न्हाई तोंडातून. येडगावच्या बायांना चमक पायजे. पंचायत समितीतल्या मॅडम जेवणाच्या सुट्टीत येत्यात, म्हणत्यात मावशी लवकर, टेबलावर फायली पडल्यात. मुसलमान आळीतल्या पोरी ईदच्या आधी येऊन मेंदीला शोभंल असा रंग मागत्यात. आन् दुकानात बाकडं एकच, त्याच्यावर सगळ्या सरकून सरकून बसत्यात. मी त्यांच्या गप्पा ऐकती. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा सातबारा अडकला, सगळं. भरून झालं की प्रत्येक बाई मला वाकून नमस्कार करती. रीतच हाय ती.

तर आमचं मालक गेलं. पोरगा शाळेत व्हता. दुकानातच, बांगड्यांची खोकी लावता लावता खाली बसलं ते बसलंच. आता तुमीच सांगा, कासाराच्या धंद्यात विधवेनं काय करायचं? माझं कपाळ मोकळं, हात मोकळं, आन् मी नवरीच्या हातात हिरवा चुडा भरायचा? कुणी मला तोंडावर काय बोललं न्हाई, खोटं कशाला बोलू. बाया दारापाशी यायच्या, आत बघायच्या, म्हणायच्या भाऊजी हायेत का? भाऊजी म्हंजी माझा दीर. त्यो बसायचा गादीवर, पण त्याचा हात लई जड. बांगडी फुटायची, रक्त यायचं, एक बाई तर रडतच गेली. मी पडद्यामागं बसून ऐकायची, माझी बोटं नुसती शिवशिवायची.

माझा भाऊ आला घोडेगावहून. म्हनला, दुकान मोडू, तू चल माहेराला. मी हो म्हनले. खोकी बांधायला बी घेतली व्हती.

तवाच त्या भाभी आल्या. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान, मूळचे राजस्थानचे, जैन, पण तीन पिढ्या हितंच, बोलणं तुमच्या-आमच्यासारखंच. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं व्हतं. म्हनल्या, उद्या सकाळी ये, चुडा तू भरायचा. मी म्हनले, भाभी, असं करू नका, उद्या पोरीचं काय वाकडं झालं तर सगळं माझ्यावर येईल, मला ते सोसायचं न्हाई. त्या बांधलेल्या खोक्यावरच बसल्या. म्हनल्या, पाच वर्षाची असल्यापास्नं ती तुझ्या हातून भरती. हात तोच हाय ना?

मी गेले. हॉल पावण्यांनी भरला व्हता. नवऱ्या मुलाच्या आत्यानं माझ्याकडं बघितलं आन् भाभींना म्हनली, दुसरी कुणी मिळाली न्हाई का? मी बांगड्यांची पाटी उचलली, उठायला लागले, तर पोरगी हलंना. दोन्ही हात माझ्यापुढं तसंच धरून बसली. म्हनली, भरा मावशी.

मी भरायला घेतलं. नजर सारखी त्या आत्याकडं जायची, हाड मऊ करायच्या आधीच मी बांगडी ढकलाया लागले. आन् चौथी बांगडी, बाई, कट्कन वाढली, दोन तुकडं. नवरीच्या हातात! आत्या बोलणार तेवढ्यात कोपऱ्यातनं भाभींच्या सासूबाई उठल्या. त्या बी विधवाच, म्हणून लांब बसलेल्या. आल्या, नातीला खेटून खाली बसल्या, काचा स्वतःच्या पदरात घेतल्या आन् मला म्हनल्या, दुसरी घे.

बास, येवढंच. दुसरी घेतली. या बारीला आधी अंगठ्याखालचं हाड दाबून मऊ केलं. डझन डझन भरल्या दोन्ही हातांत, आन् पोरगी उठून माझ्या पाया पडली, सगळ्यांच्या देखत.

ती आज सुखात हाय, दोन लेकरांची आई हाय. पण मी तुमाला खरं सांगू का, तिचं वाईट झालं असतं ना, तरी त्या घरानं मला बोल लावला नसता. त्याचं मला मोठं वाटतं.

त्या आठवड्याच्या बाजाराला बाया आत आल्या. दारातनं कुणी भाऊजींना इच्चारलं न्हाई. घाटघरची एक म्हातारी म्हनली, त्या बाप्याला घालव बाई आधी, सोलून काढतो आमाला. दीर बी हसला. सुटला बिचारा, आता त्यो भाजीचा गाळा चालवतो. तवापास्नं या गावातल्या किती नवऱ्या भरल्या, मोजल्या न्हाईत मी.

आता सून बसती माझ्यासंगं. पोरी हल्ली एका हातात घड्याळ आन् एका हातात दोनच बांगड्या घालत्यात, चालायचंच. मी मातर स्वतः घालत न्हाई. सून म्हणती घाला, काळ बदलला. मला न्हाई वाटत, सवय मोडली.

परवाचीच गोष्ट. घाटघरची एक बाई लेकीला घेऊन आली, लेकीचं लग्न व्हतं. आई पायरीवरच उभी. नवरा यंदाच गेलेला. मी म्हनले आत या. म्हनली, नको, शुभ काम हाय. मी म्हनले, मंग मी काय करती आत?

तवा तिनं चप्पल काढली, आत आली, बाकड्यावर बसली. बाकीच्या बाया सरकल्या. लेकीनं इच्चारलं हिरव्यांच्या मधी कुठला रंग टाकू, तर आईच म्हनली, मोरपंखी टाक, तुला खुलतो.

देव समद्यांचं बरं करो. या बाकड्यावर बसलेल्यांचं आन् पायरीवर उभ्या राहिलेल्यांचं बी.