कार पार्कमधली कृष्णा

आदरणीय अध्यक्ष डॉ. हेमचंद्र आगाशे, मंडळाच्या सचिव वीणाताई, आजचे उत्सवमूर्ती आणि चित्रकार श्री. लॉइड किंबल, लिमरिकहून येऊन पार्किंग शोधताना दमलेले पाहुणे, आणि मागच्या रांगेत फोनमध्ये रमलेली आमची मुलं, सर्वांना नमस्कार.

किंबलसाहेबांना मराठी कळत नाही. माझी मुलगी ईशानी त्यांच्या शेजारी बसून भाषांतर करते आहे. ईशानी, एकही वाक्य गाळू नकोस हं. तसं त्यांनी स्वतःच बजावलंय.

ते मूळचे अमेरिकेतल्या ओहायोचे. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता चित्रकार झाले आणि आयरिश पत्नीबरोबर आयर्लंडला, आपल्या एनिस गावात आले. ती गेल्यावरही इथेच राहिले. शनिवारी आपल्या मुलांना चित्रकला शिकवली, तीही फुकट. अंड्याच्या बलकात रंग कालवायला शिकवलं, हे काही शाकाहारी घरांना आजच कळत असेल. त्यांच्या चित्रात सगळं अगदी डोळ्यांना दिसतं तसं असतं, आणि मधेच एक गोष्ट अशी, की जी असूच शकत नाही. बसस्टॉपवर माणसं उभी आहेत, पावसात भिजताहेत, आणि त्यांच्यात एक देवमासा रांगेत थांबलाय. पण रंगवलेलं असं, की बघताना वाटावं, यात विशेष ते काय?

माझे वडील चंद्रहास पेंडसे वाईचे. अर्ध्या गावाला त्यांनी कृष्णेत पोहायला शिकवलं. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं, तेव्हा त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. किंबलसाहेबांशी त्यांची मैत्री जमली. मोडक्या इंग्रजीत बाबा नदीबद्दल बोलायचे, किंबलसाहेब रेखाटत बसायचे. बाबांना वेळ-काळाचं भान राहत नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं.

मग ते चित्र झालं. आपल्या सुपरमार्केटचा कार पार्क. गाड्या, ट्रॉल्या, ओला डांबरी रस्ता. आणि त्यांच्यामधून वाहणारी कृष्णा, तिच्यात कमरेइतक्या पाण्यात उभे बाबा. बाबांनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे कुठंय?"

किंबलसाहेब म्हणाले, "इथेच. सुपरमार्केटच्या मागे."

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात असताना बाबा घराबाहेर पडले. कार पार्कमध्ये नदी सापडली नाही, म्हणून शोधत पुढे गेले. मार्च महिना होता. आपल्या फर्गस नदीच्या काठी कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी पोलिसांना फोन केला, "कुणी एक म्हातारा नदीत उभा राहून स्वेटर धुतोय."

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये किंबलसाहेब माझ्यासमोर आले. चित्रापाशी झालेलं ते बोलणं तोवर मला ठाऊकच नव्हतं. ते गप्प राहिले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "स्वरूपा, मी त्याला पत्ता दिला. त्याचा चेहरा उजळला ना, तो मला हवा होता. तुझं सांगणं लक्षात होतं, तरी दिला."

मी एवढंच म्हणाले, "तुम्ही घरी जा."

न्यूमोनियातून बाबा वाचले, पण खचले. इकडे किंबलसाहेबांनी ब्रश खाली ठेवला. शनिवारचा वर्ग बंद. आम्ही दोघंही एकमेकांना टाळत होतो. पण बाबा जेवेनात. एकच धोशा, "पेंटरला बोलव." शेवटी मी फोन केला. राग गेला होता म्हणून नव्हे. बाबांच्या पोटात चार घास जावेत म्हणून.

ते आले. बाबांनी त्यांचा हात धरला. "अरे, मी अजून पाण्यातच आहे. अंग गारठलंय. मला बाहेर काढ."

मी भाषांतर केलं. दुसऱ्या दिवशी किंबलसाहेब चित्र घेऊन आले आणि आमच्या डायनिंग टेबलावर बसले. पाण्यात उभे असलेले बाबा त्यांनी पात्यानं हलक्या हातानं खरवडून काढले. मग कार पार्कच्या कडेला दगडी घाट बांधायला घेतला. बाबा शेजारून सांगायचे, "पायरी रुंद कर रे, माणूस टेकला पाहिजे." कित्येक आठवडे ते काम चाललं. अखेरीस बाबा वरच्या पायरीवर कोरडा पंचा नेसून बसले, पाणी पार खाली. खरे बाबा चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता चहा टाक गं."

त्या पावसाळी वर्षाच्या शेवटी बाबा झोपेतच गेले. अंगावर पांघरूण होतं, हात उबदार होते.

गॅलरीवाले म्हणाले, चित्र बिघडलं. किंबलसाहेब म्हणाले, "हो, आधीचंच चांगलं होतं." आणि हे विकायला नाही असं सांगून टाकलं.

आता ते लेकीकडे ओहायोला चाललेत. गेल्या आठवड्यात मी भाषणाचं सांगितलं, तेव्हा म्हणाले, "मी भला माणूस आहे असं बोलू नकोस. मी त्याला बाहेर काढलं, पण आत धाडणाराही मीच होतो. दोन्ही सांग."

सांगितलं, किंबलसाहेब. दोन्ही सांगितलं.

मी माफ केलं का? खरं सांगू? काही दिवशी केलेलं असतं, काही दिवशी नसतं. हेही भाषांतर कर, ईशानी. आणि हेही सांग, की उद्या सकाळी शॅनन विमानतळावर त्यांना सोडायला टॅक्सी येणार नाही. मी येणार आहे.

मंडळानं मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. निरोपाच्या दिवशी बोलू नये ते बोलले असेन, तर घरचं माणूस समजून सांभाळून घ्या.