न हलणारं मांजर आणि शनीलचं घर

सन्माननीय महापौर कुबियाकबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती टॅड ग्रबोव्स्कीसाहेब, आणि चर्चच्या या तळघरात पिरोगीच्या, म्हणजे बटाट्याच्या पोलिश करंज्यांच्या, वासानं चुळबुळणारे माझे गावकरी,

बँकेनं जप्त करून वाऱ्यावर सोडलेली घरं साहेबांनी आपली म्हणून सांभाळली. नळ बंद केले, कुलपं बदलली, फुटक्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या. नुसत्या फळ्या भकास दिसतात, म्हणून त्यांवर पडदे आणि कुंड्या रंगवल्या. मी पालिकेत त्यांच्या हाताखालची. पुढचं सांगावं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. महापौरबाई, आपण तोवर कॉफी घ्यावी.

एल्डर गल्लीतलं एक घर पाडायचं ठरलं होतं. शेजारच्या लॉरीन पेटवेबाईंची लेक शनील तेच घर पालिकेकडे मागत होती. तिला मुलांना घेऊन आईजवळ राहायचं होतं. तिच्या अर्जावर बैठक दुपारी, आणि घरं पाडणारे रॉय बोझिक सकाळीच यंत्र घेऊन दारात. दोन्ही हुकूम आमचेच. सरकारी काम आणखी कसं असतं?

तेवढ्यात रॉयभाऊंचा फोन. "बाई, घर रिकामं म्हणता आणि वरच्या खिडकीत मांजर बसलंय. आत जनावर असेल तर मी यंत्र लावत नाही. नियम तुमचाच आहे."

कचेरीत समोर बसलेल्या साहेबांच्या बाहीला ओला पिवळा रंग लागला होता. मी घाबरून विचारलं, "काय सांगू?"

"पोरी, तुला घरी काय शिकवलंय?"

"डोळ्यांना दिसेल तेवढंच बोलावं."

"मग जा, बघ आणि बोल."

मी गेले. रस्त्यावरून नीट पाहिलं. "पिवळं मांजर आहे," म्हटलं. "हलत नाही."

"आजारी असेल बिचारं," रॉयभाऊ हळहळले.

जनावरं पकडणारे आले. टूना माशाचा डबा उघडून पायरीवर बसले. "भारीच मानी दिसतंय," म्हणाले. "ढुंकूनसुद्धा बघत नाही." शेवटी शिडी मागवली. ती येईपर्यंत बैठक आटोपली होती आणि घर शनीलचं झालं होतं.

रॉयभाऊ, असं बघू नका. मी बोलले त्यात खोटा शब्द कुठला, ते दाखवा.

साहेब, उद्यापासून तुमच्या खुर्चीत मी बसणार. पहिली तक्रार आजच आली आहे. रिकाम्या घराचं गवत पालिका कापते, राहत्या घराचं मालकानं कापायचं असतं. शनीलताई, तुमच्या अंगणात ते गुडघ्याला लागतंय. नोटीस दाराला चिकटवताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मला माफ करावं. गवताला मात्र शुक्रवारपर्यंतच माफी आहे.