क्लाइव्हचा आवाज

इंग्लंडमधल्या हल शहरातल्या इस्पितळात नंबरची वाट बघणाऱ्या एनिड नावाच्या बाईनं त्याला ओळखलं. तीस वर्षं स्टेजवर एकट्यानं लोकांना हसवणारा क्लाइव्ह रॅम्सडेन! घशाच्या ऑपरेशनपासून त्याला बोलायची बंदी होती. तो डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला, तशी त्याची बायको डोरीन ताडकन उठली.

“आला का रे आवाज? बोल ना!”

“आला.”

“देवा! तीन आठवडे माझ्या पोटात गोळा होता.”

“माझ्या पोटात तुझं मटारचं सूप होतं. त्यापेक्षा गोळा परवडला.”

“मेल्या, गप्प होतास तेच बरं होतं!”

“डॉक्टर म्हणाले, महिन्याभरानं कार्यक्रम कर.”

“खरंच?”

“खरंच गं. आता रडतेस कशाला?”

“कोण रडतंय? तू बोलत राहा.”