धर्मशाळेचा माठ

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याशेजारी बसा. भाषावार नवी राज्यं झाली त्यानंतरचा उन्हाळा आहे. बुऱ्हाणपूरच्या धर्मशाळेच्या ओसरीवर केळीच्या बागांचा गारवा येतोय आणि आपण बसची वाट बघतोय. रजनीताई आणि त्यांची सात वर्षांची उषा खोली सोडून निघाल्या आहेत. झाडणाऱ्या भागाबाई त्यांना अडवतात.

“ताई, माठ रिकामा ठेवला तुम्ही.”

“मावशी, साफसफाईचे चार आणे दिले ना?”

“दिले. केर मी काढते, गादी मी झटकते. पण माठ जाणारा पाहुणाच भरतो. इथली रीत आहे.”

“आम्हाला काय ठाऊक?”

“परवा तुम्ही असीरगढचा किल्ला उतरून आल्या, तेव्हा पाणी कसं होतं?”

“गारेगार! दोन तांबे प्यायले मी. तुम्हीच भरलं होतं ना?”

“मी नाही. तुमच्या आधी त्या खोलीत उतरलेल्या धूलकोटच्या लीलाधरबाबांनी. बाहेर गाडीवान ओरडत होता, तरी भरूनच गेले.”

“अगं बाई! पण बस आली, मावशी. ही चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नाही. चल उषा.”

“जा ताई. दुपारी कोणी तापून आलं, तर बघू.”

उषा आईचा हात सोडते, ओसरीवरची कळशी उचलते आणि विहिरीकडे चालू लागते.