कल्लेसाहेबांचं भलं होवो

नाही, मला एक सांगा, दिवाणखान्यात मुडदा पडलाय, गालिचा लालभडक झालाय, आणि ही माणसं शेजारी बसून चहा पितात? तोही करंगळी वर करून! आमच्या घरात साधी पाल मेली तरी दुपारचं जेवण जात नाही कुणाला, आणि यांचं आपलं चालूच, साखर किती घालू, दूध आधी की नंतर... अरे, तुझा सासरा मेलाय ना समोर! पण जाऊ दे. तक्रार करायला तोंड कुठाय मला? कल्लेसाहेबांचं भलं होवो!

कोण कल्लेसाहेब म्हणता? अहो, ती टीव्हीवरची विलायती मालिका. जुन्या राणीच्या अमदानीतली. रस्ताभर धुकं, गॅसचे दिवे, घोड्यांच्या बग्ग्या, आणि दर भागाला एक ताजा खून. त्यातला जो गुप्त पोलीस आहे ना, त्याचं नाव काही आपल्या तोंडात मावत नाही, पण कल्ले असे, की कानापासून निघाले ते थेट हनुवटीला भेटून आले. म्हणून कल्लेसाहेब.

आणि काय ते सामान घरातलं! तुम्हाला सांगतो, जन्मभर फर्निचरला पॉलिश मारलं मी, पण तसा जिना पाहिला नाही. खुनी रक्ताचे हात कठड्याला लावत खाली उतरतो आणि मी इथून ओरडतो, "अरे मेल्या, पूस आधी, डाग धरेल!" सूनबाई म्हणते, "बाबा, तो खून करून आलाय." म्हटलं, माणूस काय, आज ना उद्या जायचाच, पण ते पॉलिश पुन्हा होणे नाही!

तर मुद्दा माझ्या बायकोचा. ही शिवणकाम करायची. ब्लाऊज. आख्खी गल्ली हिच्या मापात. मग डोळ्यांत मोतीबिंदू झाला, सुईत दोरा जाईना, मशीनवर चादर पडली आणि ही खिडकीकडे पाठ करून बसायला लागली. डॉक्टर म्हणाले, अगदी साधं ऑपरेशन आहे, पण फार उशीर करू नका. ही म्हणाली, "माझ्या डोळ्यात कुणी सुरी घालायची नाही." मुलगा पाया पडला. सून रडली. ही म्हणाली, "बघायचं काय राहिलंय आता? ह्यांचं तोंड?"

तोवर मला वाटलं, ठीक आहे, टोमणे मारतेय म्हणजे जिवंत आहे. पण मग टोमणेही बंद झाले हो! एकदा मी मुद्दाम हिच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. म्हटलं, आता कप भिरकावेल, माझ्या सात पिढ्या काढेल. आणि ही तो चहा मुकाट्यानं प्यायली. सगळा. कप खाली ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा मी आपणहून देवापुढे दिवा लावला.

अशात एके दिवशी सूनबाई ही मालिका लावून कामावर गेली. बंद कशी करायची ते मला येत नाही, म्हणून बघत बसलो. बग्ग्यांचा टपटप आवाज आला आणि हिनं मान वळवली! "काय चाललंय?" म्हणाली. इतक्या दिवसांत पहिला प्रश्न! म्हटलं, खून झालाय. "कुणाचा?" आणि सरकली की जवळ. कल्लेसाहेबांचं भलं होवो!

पण पंचाईत अशी, की बोलणं सगळं परकं, आणि त्याचा अर्थ खाली आपल्या अक्षरांत येतो. हिला अंधुक दिसतं, ती वाचणार कशी? आणि मी? मी अर्धा शिकलो, उरलेला अर्धा मास्तरांनी वर्गाबाहेर उभा केला. मी "मला वाटतं की" एवढं लावेपर्यंत तिकडे गोळी सुटून माणूस गार! मग काय करणार? ठोकून दिलं. "तो म्हणतोय, मी निर्दोष आहे. ती म्हणतेय, मेल्या, मग हातात सुरा कशाला?" हिला इतकं आवडलं! कधी नव्हे ती हसली. मग मला जोर चढला. त्या भागाचा खुनी मी परस्पर ठरवून टाकला, गावचा डॉक्टर! फाशी दिली त्याला. ही समाधानानं झोपायला गेली.

आणि पुढच्या भागात तो डॉक्टर हसतमुखानं दारात उभा.

हिला चेहरा दिसत नव्हता, पण आवाज! कान कसले तीक्ष्ण! "अहो, हा तर काल फासावर गेलेला ना? मग आज मफिन कसा मागतोय?" म्हटलं, अगं, जुळा भाऊ त्याचा. बरं, म्हणाली. मग मी मोलकरणीला तुरुंगात घातली, ती दुसऱ्या दिवशी झाडू मारताना. जुळी बहीण! पाद्रीबुवा विष खाऊन मेले, पुन्हा प्रार्थना म्हणायला हजर. जुळे! शेवटी ही माझ्याकडे वळून म्हणाली, "काय हो, त्या गावात बायकांना एकेक मूल होतच नाही का?"

मी म्हटलं, थंडी फार असते तिकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही साडी नेसून तयार. मुलाला म्हणाली, "चल, डोळ्यांच्या डॉक्टरकडे." मुलगा दात घासत होता, ब्रश तोंडातच राहिला. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आता कशा काय कबूल झालात?" ही माझ्याकडे बोट करून म्हणते, "घरात एक लबाड माणूस आहे. मला स्वतः वाचून त्याला पकडायचंय." डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच सुरा लपवलाय कोटात!

ऑपरेशन झालं तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारच्या टकल्या माणसाची टोपी हाताशी होती, तरी माझ्यासारख्या खोडकरानं ती लपवली नाही. यावरून समजा काय अवस्था होती माझी. पट्टी निघाली, हिनं डोळे उघडले, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "दाढी कुणी केली ही? उंदरानं?" अहो, कॉरिडॉरमध्ये नाचलो मी! नर्सबाई धावत आल्या! ओरडली ना माझ्यावर! कल्लेसाहेबांचं भलं होवो, सोन्याचे होवोत त्यांचे कल्ले!

आता मशीनवरची चादर निघालीय, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो, सगळं छान आहे. फक्त मालिका हिनं पहिल्या भागापासून पुन्हा लावलीय. वाचते भराभर, आणि मधेच बटण दाबून चित्र थांबवते. "इथे तुम्ही काय सांगितलं होतं मला? हं? बोला! आणि हा जुळा कुठून आला?" मी म्हणतो, अगं, आता आठवत नाही. "आठवेल," म्हणते, "घाई नाहीये मला." अगदी कल्लेसाहेबांच्या आवाजात! खून तिकडे झाले, खुनी तिकडे पकडले गेले, आणि जबानी रोज दुपारी माझी चालू... कल्लेसाहेबांचं भलं होवो, पण ते निदान भाग संपला की आरोपीला घेऊन निघून तरी जातात हो. हिला कुठे जायचंय?